पाच किलोचा फुगा, सातशे किलोचा दोर: सोलापुरातील एका जाहिरात-फुग्याचे प्रकरण

मागणी काय होती

मे महिना. जुळे सोलापूरच्या बाजूला, विजापूर रस्त्यालगतच्या मोकळ्या मैदानावर चादरी-टॉवेलचे चार दिवसांचे प्रदर्शन. आयोजकांना लांबून दिसेल असा गोल फुगा हवा आहे: पीव्हीसीचा, ३ मीटर व्यासाचा, ३० मीटर दोरावर, खाली उभा लोंबणारा फलक. सकाळी सातला चढवायचा आणि रात्री नऊला उतरवायचा. फुगा पुरवणाऱ्याचे म्हणणे असे की हा फुगा पाच-सहा किलो ओढतो, तेव्हा वीस किलो पेलणारी दोरी म्हणजे तिप्पट-चौपट झाली, पुरे. आयोजकांचा प्रश्नही तेवढाच: दोरी किती किलोची घ्यायची?

उत्तर आधीच सांगतो. ६ मिमी जाडीचा, चांगल्या प्रतीचा नायलॉनचा दोर, तुटण्याची ताकद ७०० किलोच्या आसपास. पाच किलोवरून सातशेवर गणित कसे जाते, आणि एवढा दोर घेऊनही फुगा मांडवावर कसा येऊन पडू शकतो, हे पुढे मांडले आहे. दोराचा आकडा ठरवताना फुग्याची उचल जवळजवळ मोजावी लागत नाही. सगळा भार वारा ठरवतो.

(खाली जिथे ताण 'किलो'त दिला आहे तिथे तेवढ्या वजनाइतका ताण असे समजावे.)

उचल: कागदावर किती, हातात किती

३ मीटर व्यासाच्या गोलाचे घनफळ १४.१ घनमीटर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंच, त्यामुळे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा पाच-सहा टक्के कमी. मे महिन्याच्या पहाटे २५ अंशांना इथली हवा घनमीटरला साधारण १.१२ किलो भरते, दुपारी ४० अंशांना १.०६. पुस्तकातला १.२२५ हा आकडा १५ अंशांचा आणि समुद्रसपाटीचा आहे. तो धरून केलेली उचल इथे मिळत नाही.

फुगा पहाटे गच्च भरायचा नाही, नव्वद टक्केच भरायचा. कारण पुढे येईलच. नव्वद टक्के म्हणजे १२.७ घनमीटर. तेवढ्या हवेचे वजन १४.२ किलो, तेवढ्याच शुद्ध हेलियमचे जेमतेम २ किलो. फरक १२.२ किलो, ही एकूण उचल. त्यातून फुग्याचे स्वतःचे वजन जाते. ०.१८ मिमी जाडीच्या पीव्हीसीचे २८ चौरस मीटर म्हणजे साडेसहा किलोच्या थोडे वर. झडप, पट्ट्या आणि कड्या धरून ७ किलो. उरले ५.२. दोर आणि खालचे सामान यांचे आणखी ०.९ किलो वजा केले की जमिनीवर, खुंट्याशी लावलेल्या काट्यावर ४.३ किलो दिसायला हवेत.

दिवसा हवा तापली तर उचल बदलते का, हा प्रश्न नेहमी येतो. फुगा सैल आहे तोवर नाही. वायू जेवढा पसरतो तेवढीच बाहेरची हवाही विरळ होते, आणि हिशोब जिथल्या तिथे राहतो. बदल होतो तो गॅसच्या शुद्धतेने. हेलियममध्ये पाच टक्के हवा मिसळलेली असेल तर एकूण उचल ०.६ किलोने घटते. बाराच्या मानाने हे किरकोळ वाटेल, पण हातात उरलेल्या ५.२ मधला तो नववा भाग आहे.

नेहमीच्या ४७ लिटरच्या मोठ्या सिलिंडरमध्ये १५० बार दाबाने भरलेला हेलियम इथल्या दाबाला आणि तापमानाला सुमारे सात घनमीटर होतो. म्हणजे दोन सिलिंडर भरायला आणि रोजच्या टॉप-अपसाठी तिसरा.

इथे एक गोष्ट न तपासता पुढे जाऊ नये: सिलिंडरमध्ये खरोखर हेलियमच आहे का. स्वस्तात 'गॅस' देणाऱ्याकडे हायड्रोजन असण्याची शक्यता असते. तो उचलीला आठेक टक्के जास्त देतो, म्हणून काट्यावर उलट बरे दिसते. पण हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात मिसळला की ठिणगीने पेटतो, आणि खाली कापडाचे प्रदर्शन आहे. तपासायचे तोंडाजवळचे आटे. ज्वालाग्राही वायूंच्या सिलिंडरचे आटे डावे असतात, म्हणजे नट उलटा फिरवून घट्ट होतो. हेलियमचे उजवे. डावे आटे दिसले किंवा रेग्युलेटर बसवायला मधे कसला तरी जोड लावला जात असला, तर सिलिंडर परत पाठवावा. शिक्का नसलेल्या, घरगुती जोडकामाच्या टाकीबद्दल तर चर्चाही नको.

वाऱ्याचे गणित

सोलापूरच्या मे महिन्यातल्या हवेसाठी एक सोपे सूत्र पुरते:

वाऱ्याचा दाब (किलो) = वेग × वेग × समोरचे क्षेत्रफळ × अडथळा गुणांक ÷ २४०

वेग ताशी किलोमीटरमध्ये, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये. अडथळा गुणांक म्हणजे वस्तूचा आकार वारा किती अडवतो ते सांगणारा आकडा. २४० मध्ये हवेची घनता आणि एककांची सगळी उलटापालट सामावलेली आहे. ३ मीटरच्या गोलाचे समोरचे क्षेत्रफळ ७.०७ चौरस मीटर. गुणांक ०.५ धरला तर:

ताशी २० किमी: ५.९ किलो
ताशी ४० किमी: २३.६ किलो
ताशी ६० किमी: ५३ किलो
ताशी ८० किमी: ९४ किलो

वेग दुप्पट, दाब चौपट. वीस किलोची दोरी कुठे संपते ते इथेच दिसते. ताशी ४० किमीच्या झोताला तिची कागदावरची ताकदही ओलांडली जाते, आणि गाठ धरली तर त्याच्या बरेच आधी.

गुणांकाबद्दल थोडे थांबायला हवे, कारण जाणकार माणूस इथेच हरकत घेतो. गुळगुळीत, कडक गोलाचा गुणांक या आकाराला आणि या वेगाला ०.१ ते ०.२ पर्यंत उतरतो, हे खरे आहे. पण जाहिरातीचा फुगा ना गुळगुळीत असतो ना कडक. त्याला जोडपट्ट्या असतात, नव्वद टक्के भरलेला म्हणून वाऱ्याच्या बाजूने तो खोलगट दबतो, आणि दोराला बांधलेला गोल वाऱ्यात स्थिर उभा राहत नाही, आडवा डोलतो. डोलणाऱ्या गोलाचा सरासरी अडथळा स्थिर गोलापेक्षा जास्त भरतो. म्हणून उंचीच्या अंदाजाला ०.५ आणि दोराच्या ताकदीला ०.७ धरावे. गुळगुळीत गोलाच्या गुणांकाची सूट घेऊन दोर बारीक करणे हा चुकीच्या जागी वाचवलेला पैसा आहे.

किती वेगासाठी दोर निवडायचा? "वारा वाढला की आम्ही उतरवू" हे उत्तर मे महिन्यात चालत नाही. वळवाचा ढग आला की आधी धुळीचा लोट येतो. शांत हवेतून ताशी ६०-७० किमीच्या झोतापर्यंत जायला काही मिनिटे पुरतात, आणि ३० मीटरवरचा फुगा दोन माणसांनी खाली आणून बांधायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून उतरवण्याची मर्यादा कमी ठेवली तरी दोर निवडायचा तो ताशी ८० किमीला. ०.७ गुणांकाने ताण होतो १३२ किलो. हा आपला आधाराचा आकडा.

आणखी एक. हातातला वाऱ्याचा मापक डोक्याच्या उंचीवर जे दाखवतो त्याच्या दीडपट ते पावणेदोनपट वारा ३० मीटरवर असतो. खाली १५ दिसला म्हणजे वर २३ ते २६.

दोर तुटायच्या आधी फुगा झोपतो

दोराचा कल उचल आणि वाऱ्याचा दाब यांच्या गुणोत्तरावर ठरतो. उचल ५.२ आणि दाब ५.९ असेल तर दोर जमिनीशी ४१ अंशांचा कोन करतो. म्हणजे ताशी २० किमीच्या साध्या वाऱ्यात ३० मीटर दोरावरचा फुगा २० मीटरवर आलेला असतो आणि खुंट्यापासून २२-२३ मीटर बाजूला सरकलेला असतो. ताशी ४० किमीला कोन १२ अंश आणि उंची साडेसहा मीटर. मांडवाचा कळस, पथदिवे आणि विजेच्या तारा याच उंचीवर असतात.

आयोजकांना दोर तुटण्याची भीती होती. प्रत्यक्षात वाढत्या वाऱ्यात पहिली घटना दोर तुटण्याची नसते. शाबूत दोरासकट फुगा खाली येतो, मांडवावर घासतो, फाटतो किंवा तारेला लागतो. जाड दोर घेऊन यात काहीही सुधारत नाही. उलट वजनाने उचल थोडी आणखी घटते.

म्हणून जागेचा नियम असा: खुंट्याला केंद्र धरून ४० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात महावितरणची उघडी तार, रोहित्र, उंच झाड, मोबाइल मनोरा यातले काहीच नको. ३० मीटर दोर, ३ मीटर फुगा, ताणाने दोराची वाढणारी लांबी आणि वर थोडी सूट मिळून हा आकडा होतो. "वारा नेहमी पश्चिमेचा असतो" म्हणून पूर्वेचीच बाजू मोकळी ठेवणे वळवाच्या दिवसांत उपयोगाचे नाही. ढगातून सुटणारा झोत ढग जिथे असेल तिकडून येतो.

तीन दोर तीन दिशांना ताणून बांधले तर फुगा जागेवर राहील, असा एक उपाय सुचवला जातो. अर्धा खरा आहे. ४५ अंशांचे तीन दोर असतील आणि वारा त्यातल्या एका दोराच्या समोरून येत असेल, तर वाऱ्याचा दाब उचलीपेक्षा कमी असेपर्यंत फुगा हलत नाही. या फुग्यासाठी ती मर्यादा ताशी १९ किमीच्या आसपास येते. त्यापुढे मागचे दोन दोर ढिले पडतात, फुगा वाऱ्याकडच्या एकाच दोरावर येतो आणि तसाच झोपतो. तीन दोरांनी उचल वाढत नाही, उलट दोन दोरांच्या वजनाने कमी होते. डोलणे थांबते आणि एक तुटला तर दोन राहतात, एवढा फायदा मात्र नक्की. गर्दीच्या मैदानात तीन खुंटे आणि पायात येणारे तीन दोर सांभाळायचे, की एकच नीट सांभाळायचा? इथे एकच ठेवलेला बरा.

फुगा वाऱ्यात उभा ठेवायचा असेल तर तो मोठा घ्यावा लागतो. व्यास वाढला की दाब वर्गाने वाढतो, एकूण उचल घनाने. ४ मीटरच्या फुग्याची निव्वळ उचल याच हिशोबाने साडेसोळा किलो, आणि ताशी २० किमीला दाब साडेदहा. कोन ५८ अंश, उंची २५ मीटर. पण मग हेलियमचे पाच सिलिंडर लागतात आणि ८० किमीचा ताण २३५ किलोवर जातो. खर्च दुपटीच्या वर. चार दिवसांच्या प्रदर्शनाला ते परवडत नसेल तर ३ मीटरचाच घ्यावा, आणि तो रोज काही तास खाली राहील हे आधीच मान्य करावे.

फलकाने काय केले असते

मागणीत १ मीटर रुंद, ६ मीटर लांब फ्लेक्सचा फलक होता. चौरस मीटरला ३४० ग्रॅमच्या फ्लेक्सचे सहा चौरस मीटर म्हणजे दोन किलो. ५.२ मधून उरले ३.२.

खरा घात वाऱ्याचा. फलक दोन दोरांमध्ये पट्ट्या घालून सपाट ताणला, म्हणजे तो कायम रस्त्याकडे तोंड करून राहील, तर सपाट पत्र्यासारखा वारा अडवतो. गुणांक १.२ च्या घरात. ताशी २० किमीला एकट्या फलकावर १२ किलो, फुग्यावर ५.९, मिळून १८ किलो. ३.२ किलो उचलीला १८ किलोचा दाब: कोन १० अंश. साध्या संध्याकाळच्या वाऱ्यात फुगा पाच मीटरवर. हे आकडे समोर ठेवल्यावर फलक रद्द झाला. अक्षरे थेट फुग्यावर रंगवायची आणि खाली काही लटकवायचे नाही असे ठरले. लटकवायचेच असेल तर हलक्या जाळीदार कापडाची अरुंद पट्टी, फक्त वरच्या टोकाला बांधलेली, जी वाऱ्याबरोबर फिरेल. ती वाचता येत नाही, पण फुगा पाडतही नाही.

१३२ वरून ७००

आता दोर. १३२ किलो हा दोरावर येणारा ताण आहे. दुकानात सांगितली जाते ती नव्या, कोरड्या, बिनगाठीच्या दोराची तुटण्याची ताकद. मधली गळती मोजायची.

गाठ दोराची ताकद ३५ ते ५० टक्क्यांनी कमी करते. साधी निरगाठ सर्वांत वाईट, जवळजवळ निम्मी ताकद खाते. बोलाइन (न सरकणाऱ्या फाशाची गाठ) किंवा इंग्रजी 8 च्या आकाराची आठची गाठ थोडी दयाळू. वर कडीला आणि खाली खुंट्याला गाठ असणारच, म्हणून सरळ निम्मी धरावी. ऊन, धूळ, कडेवर घासणे आणि ओलावा यांचे मिळून आणखी पाव वजा. नायलॉन भिजला तरी दहा-पंधरा टक्के उतरतो, हे वळवाच्या सरीत लक्षात ठेवावे.

६ मिमी तीनपदरी नायलॉन: ७०० चे निम्मे ३५०, त्याचे पाऊण २६०. १३२ च्या जवळजवळ दुप्पट. चालेल.
४ मिमी: ३०० चे निम्मे १५०, त्याचे पाऊण ११२. ताशी ८० किमीला अपुरा.
८ मिमी: १३०० च्या आसपास, भरपूर. पण ३० मीटरचे वजन सव्वा किलो, म्हणजे ६ मिमीपेक्षा अर्धा किलो जास्त.

४ मिमी नाकारण्याचे दुसरेही कारण आहे. ताणाखालचा बारीक दोर हातमोज्यातूनही तळवा कापतो. वीस-पंचवीस किलो ताणावरचा फुगा हाताने ओढायला ६ मिमी ही किमान जाडी.

नायलॉनच का? पिवळ्या-निळ्या पीपी (पॉलिप्रॉपिलीन) दोराची ताकद कागदावर फार मागे नाही, हलकाही आहे आणि स्वस्तही. पण तो उन्हात ठिसूळ होतो. दुकानाबाहेर टांगून ठेवलेल्या गुंडाळीने आधीच किती ऊन खाल्ले आहे हे कळायला मार्ग नसतो. बोटाने घासल्यावर पांढरी पूड निघाली तर तो दोर गुरे बांधायलाही घेऊ नये. दुसरे कारण लवचीकपणाचे, आणि ते जास्त महत्त्वाचे.

वाऱ्यात फुगा एकसारखा ओढत नाही. झोत मंदावला की दोर ढिला पडतो, फुगा वर सरकतो, पुढच्या झोताने सुटतो आणि दोर ताठ झाल्यावर हिसका बसतो. हिसक्यात थांबवायचे वस्तुमान फुग्याच्या सात किलोइतकेच नसते. आतला दोन किलो हेलियम आणि फुग्याबरोबर ढकलली जाणारी साधारण सात-साडेसात किलो हवा धरून ते सोळा किलोवर जाते. ते सेकंदाला ४ मीटर वेगाने येऊन थांबले, तर ३० मीटर नायलॉनमध्ये हिसका ४५ किलोच्या आसपास बसतो. तितक्याच ताकदीचा पण न ताणणारा दोर, म्हणजे डायनीमासारखा धागा, असेल तर तोच हिसका १३० किलोच्या घरात. पोलादी तारेचेही तेच. 'मजबूत' म्हणून तार वापरणारे पट्ट्या उपटून घेतात, शिवाय विजेची भीती वेगळी.

याच गणितातून न सुचणारी एक गोष्ट निघते. दोर जितका आखूड, हिसका तितका मोठा. फुगा उतरवून तीन मीटर दोरावर डोलत ठेवला तर वरचाच ४५ किलोचा हिसका १४० वर जातो. फुगा उतरवायचा तर पूर्ण उतरवायचा: जमिनीला टेकवून, वर जाळी टाकून, कडेने वाळूच्या पिशव्या. "थोडा खाली घेऊन ठेवू" ही सर्वांत वाईट अवस्था.

सुट्या, किलोवर मिळणाऱ्या दोराला चिठ्ठी नसते. मग तपासून घ्यावा. दोन मीटरचा तुकडा, दोन्ही टोकांना प्रत्यक्षात मारायच्या त्याच गाठी, आणि चेन ब्लॉकने तीन सिमेंटच्या गोण्या, म्हणजे १५० किलो, जमिनीपासून वीतभर उचलून पाच मिनिटे टांगायच्या. गाठ सरकते का, पदर उलगडतात का ते पाहायचे. तपासलेला तुकडा फुग्याला वापरायचा नाही.

तीनपदरी दोर ताणाखाली पीळ सोडतो, फुगाही स्वतःभोवती फिरतो. त्यामुळे दोराला मुरड पडून तिथेच पदर फुगतात. वर फुग्याशी आणि खाली खुंट्याशी एकेक स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी कडी, आणि गाठीच्या वळशात थिंबल, म्हणजे दोर घासू न देणारी धातूची खोबण, एवढ्याने ते टळते.

दुबळी जागा दोरात नाही

दोर ७०० किलोचा झाला. फुग्याला चिकटवलेली पट्टी किती किलोची? बहुतेक वेळा हा प्रश्न विचारलाच जात नाही. तळाशी एकच कडी असलेला फुगा वर्षभर मोकळ्या हवेत टिकतो तो केवळ कुणी तो वाऱ्यात ठेवत नाही म्हणून. पीव्हीसी उन्हात तापून मऊ पडते, आणि चिकटवलेली पट्टी सोलून निघायला तेवढे पुरते.

इथे चार पट्ट्यांवरून चार लगाम, म्हणजे आखूड दोर, एका कडीत आणले. लगाम मध्यरेषेशी ३० अंशांत. शांत हवेत ताण चौघांत वाटला जातो, पण झोतात फुगा कलतो आणि दोघेच ओढतात. १३२ किलोचे दोन भाग, कोनामुळे थोडे वर, म्हणजे प्रत्येकी ७६ किलो. चारही पट्ट्या ७६ पेलतील अशाच हव्यात: गरम हवेने जोडलेल्या, किमान १५ सेंमी व्यासाच्या, कडा गोल. पट्ट्यांबद्दल खात्री नसेल तर फुग्याच्या वरच्या अर्ध्या भागावर बारीक नायलॉनची जाळी टाकून लगाम जाळीला बांधावेत. एखादा किलो उचल जाते, पण ताण सगळ्या कापडावर पसरतो. जुना, भाड्याचा फुगा असेल तर आमचे मत जाळीच्या बाजूने.

खुंटा

जवळजवळ आडवा १३२ किलोचा ओढा. वाळूच्या पोत्यांवर दोर बांधायचा तर जमिनीवरचे घर्षण वजनाच्या ४० टक्केच धरावे. ३३० किलो लागतात, म्हणजे ५० किलोची सात पोती, एकत्र बांधलेली. दोन-तीन पोत्यांवर बांधलेला फुगा पोत्यांसकट घसरत जातो, हे यामुळेच. २०० लिटरचे दोन भरलेले पिंप फळीवर एकत्र आवळूनही चालतात. भरलेला टेम्पो सगळ्यांत सोपा, फक्त चालकाने मधेच चहाला गाडी नेऊ नये.

सळई ठोकायची तर माती पाहावी. मुरमात २० मिमीची मीटरभर सळई, दोराच्या विरुद्ध बाजूला कलती ठोकली की घट्ट बसते. काळ्या मातीत मे महिन्यात हातभर खोल भेगा असतात. सळई सहज जाते आणि सहज निघते. तिथे वजनच हवे. मांडवाचा खांब, स्टॉलचा सांगाडा, विजेचा खांब: कशालाही बांधायचे नाही.

ऊन

नव्वद टक्क्यांचे कारण आता. पहाटे २५ अंशांना फुगा गच्च भरला आणि दुपारी हवा ४१ अंशांवर गेली की आतला दाब पाच टक्क्यांहून जास्त वाढतो. पीव्हीसी रबरासारखी मनमोकळी पसरत नाही. तेवढ्या दाबाने ०.१८ मिमीच्या पापुद्र्यावर दर चौरस मिलिमीटरला दोन किलोपेक्षा जास्त ताण येतो, जो मऊ पीव्हीसी पेलू शकते त्याच्या काठावर. त्यात उन्हाने आतला वायू बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त तापतो. अकरा-बाराच्या सुमारास जोडपट्टी उसवते. आणि दोष "फुगा जुना होता" म्हणून फुग्यावर जातो. नव्वद टक्के भरलेला फुगा ५६ अंशांपर्यंतच्या वायूला जागा देतो. पहाटे तळाला सुरकुत्या दिसायला हव्यात. ते पाहून कुणी "हवा कमी आहे" म्हणाले तरी भरू नये.

कधी चढवायचा, कधी उतरवायचा

खाली डोक्याच्या उंचीवर सतत १२ किमी दिसला की सावध. १५ ला उतरवायला सुरुवात. हवामान विभागाचा तीन तासांचा तात्कालिक इशारा सोलापूर जिल्ह्यासाठी गडगडाट-वादळाचा असेल तर आकाश निरभ्र असले तरी चढवायचा नाही. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप जवळ ठेवावे. मे महिन्यात दुपारी तीननंतरचा काळ भरवशाचा नाही, म्हणून वेळ बदलून सकाळी सात ते दुपारी दोन आणि आकाश स्वच्छ असेल तरच संध्याकाळी पुन्हा, असे ठरले.

उतरवताना दोर हाताने खेचत बसू नये. खुंट्याजवळ दोरावर उघडझाप होणारी कप्पी चढवायची आणि दोघांनी ती धरून दोराच्या दिशेने फुग्याकडे चालत जायचे. कप्पी पुढे सरकते तसा फुगा खाली येतो, आणि दोराचे टोक खुंट्यालाच राहते. त्यासाठी तीस मीटरची वाट मोकळी हवी. हाताला दोराचा वेढा घालायचा नाही, हातमोजे चामड्याचे.

हेच काम संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत असते तर उन्हाचा त्रास गेला असता आणि मांजाचा आला असता. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो आकाशात दिसतो. ताणलेल्या दोरावर काचेचा मांजा आडवा घासला तर ६ मिमीचे पदर पाहता पाहता कापले जातात. त्या आठवड्यात ताकदीचे कोणतेच गणित उपयोगी नाही. फुगा जमिनीवरच बरा.

परवानगी शेवटी लिहिली तरी सर्वांत आधी घ्यायची. होटगी रस्त्यावरचे विमानतळ इथून हवाई अंतराने जवळ आहे, आणि त्याच्या परिसरात उंची हा किती नाजूक विषय आहे हे विमानांना अडथळा म्हणून २०२३ साली पाडलेल्या साखर कारखान्याच्या चिमणीमुळे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. विमानतळ, पोलीस आणि महापालिका यांची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय गॅस मागवू नये. फुग्यावर जबाबदार माणसाचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत. फुगा सुटलाच तर पहिला फोन पोलीस नियंत्रण कक्षाला आणि विमानतळाला: किती वाजता सुटला, कोणत्या दिशेने गेला, रंग आणि आकार.

रोज सकाळी चढवण्याआधी खुंट्याशी लटकता काटा लावून दोर मोकळा सोडायचा. ४.३ किलो दिसले तर ठीक. साडेतीनच्या खाली गेले तर आधी पट्ट्या आणि झडपेवर साबणाचे पाणी लावून गळती शोधायची, मग टॉप-अप. गाठींच्या आतला दोर उलगडून पाहायचा. तिथे धागे चमकदार चपटे झालेले दिसले तर ते टोक हातभर कापून टाकायचे आणि नवी गाठ मारायची. यासाठी मुळात ३० ऐवजी ३५ मीटर दोर विकत घ्यायचा.